परवाचा आवाज ओळखा : मराठी वर्किंग मेमरी चाचणीसंचाच्या प्रकल्प नोंदी

९ जून, सोमवार

वर्किंग मेमरी, म्हणजे काम करताना माहिती थोडा वेळ मनात धरून ठेवण्याची क्षमता, मोजणारा संच चार चाचण्यांचा ठरला: अंकमालिका (ऐकलेले अंक सुलट आणि उलट सांगणं), एन-बॅक (ठरावीक पावलं मागे आलेला आवाज पुन्हा आला की ओळखणं), रंगीत चौकोनांतला बदल ओळखणं आणि दहा मिनिटांची सतर्कता चाचणी. बेत असा की आधी हा संच द्यायचा, मग चार आठवडे एन-बॅकचा सराव घ्यायचा आणि शेवटी पुन्हा संच. जागा परळला, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. खिडकी रुळांच्या बाजूला उघडते. साहित्य: दोन लॅपटॉप (पडदा ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, एक फ्रेम म्हणजे एक चित्र), सायकोपाय (चाचण्या चालवणारा प्रोग्राम), तारेचे हेडफोन, यूएसबी कीबोर्ड, एक यूपीएस.

तयार इंग्रजी संचाचं भाषांतर करून भागेल का, हा पहिला प्रश्न. भागत नाही. बॅडली आणि हिच यांनी १९७४ मध्ये वर्किंग मेमरीची जी मांडणी केली, तिच्यात ऐकलेलं मनातल्या मनात घोकत ठेवणारा एक ध्वनिभाग आहे. त्यात किती मावेल हे शब्दांच्या संख्येपेक्षा ते म्हणायला किती वेळ लागतो यावर ठरतं: साधारण दोन सेकंदांत जेवढं म्हणून होईल तेवढं (बॅडली व सहकारी, १९७५). एलिस आणि हेनेली यांनी १९८० मध्ये वेल्श-इंग्रजी दुभाषिकांवर हेच तपासलं. वेल्श अंक म्हणायला जास्त वेळ लागतो, म्हणून त्याच माणसांची अंकमालिका वेल्शमध्ये छोटी आली. तेव्हा इंग्रजीवरून बांधलेले तक्ते मराठी बोलणाऱ्याला लावायचे नाहीत.

मराठी अंक तसे सोयीचे आहेत. एक ते नऊपैकी सात शब्द एका झटक्यात म्हणून होतात. सहा आणि नऊ यांना दोन. शून्य वगळला, कारण तो लांब आहे आणि निम्मे लोक उत्तर देताना त्याचा 'झिरो' करतात.

११ जून, बुधवार

अंकांचं ध्वनिमुद्रण. एकच आवाज, प्रत्येक अंकाचे पाच नमुने. अंक क्रमाने वाचले की मोजणीची चाल लागते आणि 'नऊ' खाली उतरतो. म्हणून पत्ते पिसून वाचले आणि पाचांतला सर्वांत सपाट नमुना ठेवला. नंतर सगळ्यांचा मोठेपणा सारखा केला.

एका सेकंदाला एक अंक, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. फाइलींची सुरुवात बरोबर १००० मिलिसेकंदांवर ठेवली तर मालिका लंगडते! 'सात' आणि 'सहा' यांत आधी 'स'ची फुसफुस चालते आणि कानाला ठेका लागतो तो स्वर सुरू झाल्यावर. 'आठ', 'एक' यांचा ठेका लगेच. ही गोष्ट मॉर्टन, मार्कस आणि फ्रँकिश यांनी १९७६ मध्येच मांडली आहे. उपाय: प्रत्येक फाइलीत स्वर कुठे सुरू होतो तिथे खूण केली आणि खुणांमध्ये १००० मिलिसेकंद ठेवले. हे नुसतं कानाला बरं वाटावं म्हणून नाही. अंतरं कमीजास्त झाली की ऐकणारा आपोआप गट पाडतो आणि गट पाडले की जास्त अंक लक्षात राहतात. मग गुण स्मृतीचे की आपल्या ढिल्या संपादनाचे, हे कळत नाही.

१६ जून, सोमवार

मालिका बनवल्या. तीन अंकांपासून नऊपर्यंत, प्रत्येक लांबीच्या दोन. दोन्ही चुकल्या की थांबायचं. संगणकाने यादृच्छिक काढलेल्या मालिका हाताने चाळाव्या लागतात. बाद केलेले तुकडे: चढते-उतरते जोड (४-५, ८-७), १-९-४-७, १-८-५-७, आणि सुरुवातीला ९-८, कारण तो मोबाइल नंबर वाटतो. ३-६ शेजारी आले की कुणीतरी 'छत्तीसचा आकडा' म्हणून हसतो आणि पुढचे दोन अंक जातात. तोही बाद.

मिलरने १९५६ मध्ये लक्षात राहण्याची मर्यादा सात, अधिक-उणे दोन म्हटली ती गठ्ठ्यांबद्दल, म्हणजे एकत्र बांधून एक मानलेल्या तुकड्यांबद्दल. कोवानने २००१ मध्ये गठ्ठे बांधायला वावच दिला नाही तर आकडा चारच्या आसपास उतरतो, असं दाखवलं. मराठीत गठ्ठा बांधायची एक आयती सोय आहे. 'दोन, सात' ऐकलं की 'सत्तावीस' असा एक शब्द मनात ठेवता येतो. गोम अशी की मराठी एकक आधी बोलते: सत्ता, मग वीस. परत सांगताना तो शब्द उलगडावा लागतो आणि घाई झाली की 'सात, दोन' बाहेर पडतं. जर्मनमध्येही एकक आधी येतो आणि तिथली मुलं संख्या लिहिताना अशीच अदलाबदल करतात. एकोणतीसची तऱ्हा त्याहून वेगळी, तिथे तर तिसातून एक वजा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस सात' पद्धतीचं वाचन आलं तेव्हा राज्यभर वाद झाला; भाषेचं काय ते असो, अंक ज्या क्रमाने लिहिलेत त्याच क्रमाने ऐकू आले तर डोक्यावरचा एक फेरा वाचतो, हा मुद्दा खरा होता.

चाचणीपुरता निर्णय: शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल ही वेगळी चूक म्हणून नोंदवायची (खूण 'अ'), नुसती 'चूक' नाही. आणि सत्र संपल्यावर एकच प्रश्न: आकडे लक्षात कसे ठेवलेत? पावकी-निमकी पाठ असलेल्या पिढीचं उत्तर आणि कॅलक्युलेटरवर वाढलेल्यांचं उत्तर एक येणार नाही, ही अपेक्षा धरूनच रकाना ठेवला आहे.

२० जून, शुक्रवार

एन-बॅकसाठी आवाज निवडले. इंग्रजीत अक्षरं वापरतात, कारण त्यांची नावं एकमेकांपासून बऱ्यापैकी वेगळी निवडता येतात. मराठीत क, म, ल, र घेतलं की सगळ्यांचा शेवट 'अ'. आवाजात सारखे असलेले नमुने स्मृतीत एकमेकांत मिसळतात, हे कॉनरॅडने १९६४ मध्ये दाखवलं. म्हणजे नुसती व्यंजनं घेऊन चाचणी विनाकारण कठीण होते. त्यात ख-घ, त-थ, न-ण, श-ष अशा जोड्या हेडफोनमधून ओळखणं हीच आणखी एक परीक्षा.

म्हणून बाराखडीत शिरलो: व्यंजनही वेगळं, स्वरही वेगळा. दुसरी अडचण अशी की मराठीत एका अक्षराचे शब्दच फार. का, की, मी, तू, ती, जा, ने, हो हे सगळे गेले. 'मौ' ठेवला होता, तो चाचपणीत 'मऊ' ऐकू आला. अखेरचे आठ: रू, लो, टे, सी, ढा, वै, खं, फौ. प्रत्येक आवाज ५०० मिलिसेकंदांच्या आत, मग शांतता, एकातून दुसऱ्यापर्यंत तीन सेकंद.

२७ जून, शुक्रवार

सूचनांवर अख्खा दिवस गेला. 'दोन पावलं मागे आलेला आवाज पुन्हा आला तर बटण दाबा' हे वाक्य कागदावर बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याला कळत नाही. 'मागचा' म्हणजे आत्ताच गेलेला की त्याच्या आधीचा? 'दुसरा' म्हटलं की लोक सुरुवातीपासून मोजतात.

शेवटी उपाय घरचाच निघाला. काल, परवा, तेरवा. प्रत्येक आवाज म्हणजे एक दिवस. 'आजचा आवाज परवाच्यासारखाच असेल तर दाबा.' वन-बॅक म्हणजे काल, टू-बॅक परवा, थ्री-बॅक तेरवा. टेबलावर कागदाचे चौकोन मांडून दाखवायचे: रू, लो, रू. आज रू, परवाही रू, दाबा. मग टे: परवा लो होता, दाबू नका. 'परवा' पुढच्या दिवसालाही म्हणतात, म्हणून सुरुवातीलाच 'गेलेला परवा' म्हणायचं. एकदा म्हटलं की पुरे. फोर-बॅकला शब्द संपतात, पण तिथवर पोचलेल्याला समजावून सांगावं लागत नाही.

उलट अंकमालिकेतही 'उलटे सांगा' पुरत नाही. नमुना द्यायचा: 'मी पाच, दोन, नऊ म्हटलं तर तुम्ही नऊ, दोन, पाच.' दोन नमुने बरोबर आल्याशिवाय चाचणी सुरू करायची नाही.

३ जुलै, गुरुवार

वेळेची तपासणी. पडद्याच्या कोपऱ्यावर प्रकाश-संवेदक चिकटवला, पांढरा चौकोन दिसला की तो नोंदतो. पडदा वरून खाली रंगतो. त्यामुळे संवेदक वरच्या कोपऱ्यात आणि चित्र खाली असेल तर जवळपास एका फ्रेमचा, म्हणजे १६.७ मिलिसेकंदांचा फरक पडतो. संवेदक चित्राच्या ओळीत लावायचा. प्रोग्राममध्ये मिलिसेकंद लिहायचे नाहीत, फ्रेम मोजायच्या: ६ फ्रेम म्हणजे १००, ५४ फ्रेम म्हणजे ९००.

ब्लूटूथ हेडफोन बाद. आवाज शंभर ते तीनशे मिलिसेकंद उशिरा येतो आणि दर वेळी तेवढाच उशीर होईल याचीही खात्री नाही. ठरावीक उशीर वजा करता येतो, बदलता उशीर नाही. साधा यूएसबी कीबोर्ड सेकंदाला १२५ वेळा पाहिला जातो, म्हणजे फार तर ८ मिलिसेकंदांची गफलत. टचस्क्रीनवर ही गफलत याहून मोठी असते, त्यामुळे प्रतिसादाचा वेळ मोजायचा असेल तिथे टॅबलेट नको. लॅपटॉप बॅटरीवर गेला की काही यंत्रं पडद्याचा वेग आणि उजेड आपणहून कमी करतात. म्हणून चार्जर यूपीएसवर, आणि प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला ३०० फ्रेम मोजून एकही फ्रेम गळली नाही, हे प्रोग्राम स्वतः तपासतो. गळली तर पुढे जात नाही.

१० जुलै, गुरुवार

चौकोनांच्या चाचणीत (रंगीत चौकोन क्षणभर दाखवायचे, पुन्हा दाखवल्यावर रंग बदलला असेल तर दाबायचं) बिघाड सापडला. सकाळची चाचपणी नीट, संध्याकाळची घसरलेली. सातनंतर आलेला प्रत्येक जण पिवळा आणि पांढरा यांत गोंधळत होता. दमणूक असेल म्हणून सोडून देणार होतो. पण चूक त्याच एका जोडीत अडकून होती आणि दमलेला माणूस सगळ्याच रंगांत चुकतो. लॅपटॉपची 'नाइट लाइट' सोय सूर्यास्ताला आपोआप चालू होत होती. निळा उजेड कमी झाला की पांढरा पिवळसर होतो. ती सोय बंद केली, आपोआप उजेड बदलणारी सोयही बंद केली, आणि सत्राआधी एक पान पांढरं दाखवून डोळ्यांनी तपासायचं ठरवलं. लाल-हिरवा न ओळखणारे कळावेत म्हणून आधी इशिहारा तक्ते (रंगीत ठिपक्यांतला आकडा वाचायचा). पुरुषांत हा दोष बायकांपेक्षा कितीतरी जास्त सापडतो.

गुणांचं, म्हणजे किती चौकोन मनात राहिले याचं, सूत्र इथेच लिहून ठेवावं, कारण यावर नेहमी गल्लत होते. चाचणीच्या वेळी एकच चौकोन दाखवला तर कोवानचं सूत्र: चौकोन गुणिले (बरोबर दाब वजा खोटा दाब). खोटा म्हणजे बदल नसताना दाबलेला, आणि दोन्ही प्रमाणात धरायचे. सहा चौकोन, बरोबर ०.७५, खोटे ०.१५: उत्तर ३.६. सगळे चौकोन पुन्हा दाखवले तर पॅशलरचं सूत्र, त्यात याच उत्तराला (१ वजा खोटा दाब) याने भागतात: ४.२. कच्चा निकाल एकच, पण कोणतं सूत्र लावलं हे न लिहिता दोन अहवाल शेजारी ठेवले तर अर्धा चौकोन हवेतून येतो. आम्ही एकच चौकोन दाखवतो.

१८ जुलै, शुक्रवार

एन-बॅकचे गुण. टू-बॅकच्या एका फेरीत २२ आवाज: पहिले दोन मोजायचे नाहीत, उरलेल्या २० पैकी ६ लक्ष्य (ज्यांना बटण दाबायला हवं ते) आणि १४ बाकीचे. आता हाताची घडी घालून बसलेला माणूस घ्या, ज्याने एकदाही बटण दाबलं नाही. त्याचे १४ बरोबर. सत्तर टक्के! 'अचूकता ७० टक्के' असं छापून येतं तेव्हा आधी हे विचारावं.

म्हणून डी-प्राइम: बरोबर आणि खोटे दाब दोन्ही धरून, लक्ष्य बाकीच्यांपासून किती वेगळं ओळखलं हे सांगणारा आकडा. सहाच्या सहा लक्ष्यं पकडली आणि एकही खोटा दाब नाही, तर सूत्रात अनंत येतं. त्यावर नेहमीचा उतारा: मोजणीत अर्धा मिळवायचा आणि एकूणात एक. मग ६.५/७ आणि ०.५/१५, डी-प्राइम ३.३०. पण हाच उतारा घडी घातलेल्या माणसाला ०.३७ देतो, शून्य नाही, कारण लक्ष्यं कमी आणि बाकीचे जास्त. तेव्हा बटण न दाबलेली फेरी प्रोग्रामने आधीच वेगळी काढायची.

चकवे ठेवले आहेत. टू-बॅकमध्ये रू, टे, लो, रू: शेवटचा रू तेरवाचा आहे, परवाचा नाही. ओळखीचा वाटला म्हणून दाबलं तर फसलं. चकवे नसतील तर नुसत्या 'मघाशी ऐकलंय' या भावनेवर चाचणी पार होते आणि क्रम धरून ठेवावा लागतच नाही. फेरीत चार चकवे, दोन कालचे, दोन तेरवाचे.

२५ जुलै, शुक्रवार

खोली. गाडी गेली की आवाज चढतो. आधी खिडकीला फोम लावायचा खर्च काढला होता, तो रद्द. एकसुरी गोंगाटाने अंकमालिकेचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते बोलण्याने, मग भाषा कळत नसली तरी (कोल आणि वेल्श, १९७६, सलामे आणि बॅडली, १९८२). म्हणजे पंख्याची घरघर आणि गाडीची धडधड चालते. शेजारच्या घरातली मालिका चालत नाही, स्टेशनवरच्या घोषणा चालत नाहीत. रुळांची खिडकी उघडी राहिली तरी चालेल, जिन्याकडची बंद हवी. संध्याकाळी ढोल-ताशाचा सराव सुरू झालाय; तो गोंगाट नव्हे, क्षणोक्षणी बदलणारा आवाज. सहानंतरची सत्रं बंद.

सतर्कता चाचणी: दोन ते दहा सेकंदांनी आकडा दिसतो, दिसताच दाबायचं, दहा मिनिटं. ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला तो डुलका. सरासरी वेळेची न काढता १ भागिले वेळ याची काढायची, नाहीतर एक लांब डुलका सगळी सरासरी ओढतो. ही चाचणी अपुऱ्या झोपेची चहाडी करते, म्हणून सर्वांत आधी. विरारहून उभ्याने आलेला आणि नायगावातून चालत आलेला यांना दाराशी आल्या आल्या एकाच खुर्चीत बसवून चाचणी देणं बरोबर नाही. वीस मिनिटं बसणं, पाणी, काल किती वाजता झोपलात. चहा रोज घेणाऱ्याला त्याचा नेहमीचा कटिंग सत्राआधी अर्धा तास. न घेणाऱ्याला आग्रह नाही. तंबाखू-मिश्रीबद्दलही विचारायचं, तलफ आली की लक्ष जातं. दोन्ही वेळचं सत्र दिवसाच्या त्याच तासाला.

४ ऑगस्ट, सोमवार

सरावाचा आराखडा, आणि इथे बेत बदलला.

येगी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दुहेरी एन-बॅकच्या (आवाज आणि पडद्यावरची जागा दोन्ही एकाच वेळी ध्यानात ठेवायच्या) सरावाने तर्कबुद्धीचे गुण वाढल्याचं मांडलं. तुलनेच्या गटाला मात्र काहीच काम नव्हतं. रेडिक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तुलनेच्या गटालाही वीस सत्रं दृश्य-शोधाचा सराव दिला. एन-बॅकवाले एन-बॅकमध्ये पुढे गेले, तर्कबुद्धीत नाही. त्याच वर्षी मेल्बी-लेर्वॉग आणि हुल्म यांनी अनेक अभ्यास एकत्र करून तपासले, तिथेही जवळच्या कामांपलीकडे लाभ टिकला नाही.

भर म्हणजे जाहिरातीचे शब्द. फोरोगी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एकाच कामासाठी दोन प्रकारची पत्रकं लावली. 'मेंदूचा व्यायाम' वाचून आलेल्यांचे गुण तासाभराच्या सरावाने वाढले, साधं पत्रक वाचून आलेल्यांचे नाही. आमच्या सूचनाफलकाचा मसुदा होता 'स्मरणशक्ती वाढवा'. फाडला. नवा: 'लक्ष आणि स्मृतीच्या चाचण्या. वेळ दीड तास. प्रवासखर्च मिळेल.'

संख्येचा हिशेब: दोन गटांतला मध्यम फरक (गुणांच्या प्रमाण विचलनाच्या, म्हणजे नेहमीच्या चढउताराच्या, ०.५ पट) पकडायचा तर ८० टक्के खात्रीसाठी प्रत्येक गटात ६४ माणसं. ०.४ साठी सुमारे १००. खोली आणि महिने पाहता आमच्याकडे गटात ४० बसतात, म्हणजे ०.६३ च्या वरचाच फरक दिसेल. आधीच्या गुणांचा नंतरच्या गुणांशी ०.७ इतका संबंध (१ म्हणजे तंतोतंत जुळणं) असेल आणि तो हिशेबात घेतला, तर माणसं निम्मी पुरतात आणि ६४ च्या जागी ३३ येतात. पण तो ०.७ आमच्या मराठी संचाचा आहे का, हे कुणी मोजलेलं नाही. तेच आधी मोजायचं. सराव पुढच्या टप्प्यावर. हा टप्पा फक्त संचाचा आणि त्याच्या पुनरावृत्तीचा.

१२ ऑगस्ट, मंगळवार

'मेंदू लवचिक असतो ना, मग सराव का सोडला?' हा प्रश्न बैठकीत दोनदा आला, म्हणून नोंद. लवचिकता खरी आहे. २००४ मध्ये ड्रॅगान्स्की आणि सहकाऱ्यांनी तीन महिने तीन चेंडू एकामागून एक उडवून झेलायला शिकलेल्यांत, हालचाल पाहणाऱ्या मेंदूच्या भागातलं करडं द्रव्य वाढलेलं पाहिलं. सराव सोडल्यावर ते पुन्हा कमी झालं. मॅग्वायरने २००० मध्ये लंडनच्या टॅक्सीचालकांत हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतल्या स्मृती आणि वाटा सांभाळणाऱ्या भागाचा) मागचा भाग मोठा असल्याचं मांडलं. पण बदल होतो तो ज्याचा सराव केला त्याच कामापुरता.

सर्वांत बोलकं उदाहरण एरिक्सन, चेस आणि फालून यांचं, १९८०. एस. एफ. नावाने नोंदलेला विद्यार्थी दीड वर्षाहून जास्त सरावानंतर ७९ अंक सांगू लागला. तो धावपटू होता. ३, ४, ९, २ ऐकलं की त्याच्या लेखी ती मैलाची वेळ असे: तीन मिनिटं ४९.२ सेकंद. अंकांऐवजी अक्षरं दिली तेव्हा तो पुन्हा सहाच्या आसपास आला. साठवण्याची जागा तेवढीच होती. अंक ठेवायला त्याने वेगळी मांडणी उभी केली होती. आमचा 'लक्षात कसे ठेवलेत?' हा रकाना त्यासाठीच आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस, लोकल कोलमडल्या. आलेल्या दोघांनाही परत पाठवलं: भिजून, अडीच तास गाडीत काढून आलेल्याची सतर्कता मोजून काय मिळणार. खोलीत दमट हवा, कीबोर्डची स्पेस कळ चिकटते, बदलली.

२५ ऑगस्ट, सोमवार

संच गोठवला, आवृत्ती १.०. यापुढे एकही आवाज, सूचना किंवा रंग बदलायचा नाही. बदलला तर आवृत्तीचा आकडा बदलेल आणि आधीचे गुण वेगळ्या फाइलीत जातील. समांतर मालिका अ आणि ब: निम्म्यांना आधी अ, निम्म्यांना आधी ब. पहिल्या दिवशी संच सवयीपुरता, ते गुण मोजायचे नाहीत; त्यानंतर दोन मोजणीची सत्रं, मध्ये दोन आठवडे. दुसऱ्या खेपेला गुण चढतील, ते सरावाचे. किती चढतात, तेच हवं आहे.

२७ ला गणपती, म्हणून विसर्जनापर्यंत सत्रं नाहीत. पहिलं सत्र १० सप्टेंबर, बुधवार, सकाळी दहा. त्याआधी: हेडफोनची एक जास्तीची जोडी, यूपीएसची बॅटरी बदलणं, आणि 'खं'चं ध्वनिमुद्रण एकदा पुन्हा ऐकणं. डाव्या कानात तो किंचित 'खम' वाटतो.